बाप्तिस्म्याआधीच मृत्यू आला, तर?

प्रश्न : माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि कळव्यात राहत होते. आमचे घर हिंदू. माझी आत्या मात्र लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिच्याबरोबर वडील गेली काही वर्षे ठाण्यातील एका मराठी मंडळीच्या रविवारच्या उपासनेला जात असत आणि प्रभू येशूवर आपला विश्वास आहे, असे ते उघडपणे सांगत. ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा ठरला होता. त्याच्या आठवडाभर आधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि आयसीयूमध्येच ते गेले. ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळावी म्हणून आत्याने विनंती केली, तेव्हा ‘बाप्तिस्मा झालेला नाही’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी आम्ही जवाहरबाग स्मशानभूमीत अग्निसंस्कार केला. नंतर प्रार्थनेसाठी आलेले एक नातेवाईक आत्यासमोरच म्हणाले की, पाण्यातून न गेलेल्याचे तारण (म्हणजे पापांतून सुटका) होत नाही, असे बायबलचे वचन आहे. तेव्हापासून आत्या नीट जेवतसुद्धा नाही. माझाही विश्वास आहे, परंतु पतीचा विरोध असल्यामुळे मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. वडिलांचे काय झाले असेल? आणि मी आता लगेच बाप्तिस्मा घ्यावा का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

हे उत्तर तुम्ही आत्याबाईंना वाचून दाखवाल असे गृहीत धरून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ज्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले आणि केवळ मृत्यूने आधी गाठल्यामुळे ज्याला तो घेता आला नाही, तो तारणाला मुकतो, असे कॅथलिक चर्च शिकवत नाही, ल्यूथरन शिकवत नाहीत, अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरा शिकवत नाहीत आणि बॅप्टिस्ट तर मुळीच शिकवत नाहीत. बाप्तिस्मा बालकांना द्यावा की नाही, पाणी शिंपडावे की माणसाला पाण्यात बुडवावे, त्या संस्काराने नेमके काय घडते, यांवर या परंपरा शतकानुशतके भांडत आलेल्या आहेत. तरीही तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्या सगळ्या एकाच बाजूला उभ्या राहतात. थोड्या मंडळ्या वेगळे शिकवतात आणि तुमचे नातेवाईक बहुधा त्यांच्यापैकी एखादीची शिकवण बोलून गेले असावेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, हेही पाहायला हवे, कारण त्यांनी वचनाचा आधार दिला आहे आणि वचनाला नुसत्या सांत्वनाने उत्तर देणे योग्य नव्हे.

त्यांच्या मनात योहानाच्या शुभवर्तमानातील ३:५ असावे, जेथे येशू निकदेमाला सांगतो की, पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय कोणालाही देवाच्या राज्यात प्रवेश करता येत नाही. किंवा मार्क १६:१६ असावे, जेथे विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण होईल, असे म्हटले आहे. त्यांत नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील २:३८ ची भर घालता येईल. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण ऐकून ‘आम्ही काय करावे’ असे लोकांनी विचारले, तेव्हा पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, असे पेत्राने सांगितले, आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांनी तो घेतला. ही वचने भक्कम आहेत. बाप्तिस्मा हा निव्वळ बाहेरचा उपचार आहे, असे म्हणून जे मोकळे होतात, ते ही वचने घाईने वाचतात, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मार्कमधील वाक्य शेवटपर्यंत वाचले पाहिजे. त्याच्या उत्तरार्धात शिक्षा सांगितली आहे ती विश्वास न धरणाऱ्याला. बाप्तिस्मा न घेतलेल्याचा उल्लेख तेथे नाही. (मार्कचा हा शेवटचा भाग, म्हणजे १६:९ ते २०, सायनायटिकस व व्हॅटिकनस या चौथ्या शतकातील दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत आढळत नाही, पण माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही, कारण चर्चने तो भाग शास्त्र म्हणून स्वीकारलेला आहे.) योहानातील पाणी म्हणजे बाप्तिस्मा, हे प्राचीन चर्चपासून चालत आलेले आणि मला स्वतःला पटणारे विवरण आहे. तेथे सांगितलेला नियम देवाने माणसांना घालून दिला आहे. त्याच नियमाने देव स्वतःचे हात बांधून घेतो का, एवढाच खरा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर मला कर्नेल्याच्या घरी घडलेल्या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसते. कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्र बोलत असताना, त्याचे बोलणे संपण्याआधीच ऐकणाऱ्या सर्वांवर पवित्र आत्मा उतरला. त्यांच्यापैकी कोणाचाही तेव्हा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि ते यहूदीही नव्हते. देवाने पाण्याची वाट पाहिली नाही. पेत्रानेही मग ‘आत्मा मिळालाच आहे, आता पाणी कशाला’ असे म्हटले नाही. ज्यांना आमच्यासारखाच पवित्र आत्मा मिळाला त्यांना पाण्याची मनाई कोण करणार, असे विचारून त्याने त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. या प्रसंगाचा पहिला अर्धा भाग तुमच्या वडिलांसाठी आहे आणि दुसरा तुमच्यासाठी, असे मी म्हणेन. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे अभिवचन त्याला बाप्तिस्म्यावाचून मिळाले, हे खरे आहे. मात्र सर्व राष्ट्रांतील लोकांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची आहे, त्यामुळे तो चोर नियमाच्या आधीचा, असा आक्षेप घेता येतो आणि तो वाजवी आहे. म्हणून एकट्या चोराच्या आधारावर सिद्धांत उभारू नये. कर्नेल्याला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही.

आता आत्याबाईंना मुद्दाम ऐकवावी अशी एक हकिकत सांगतो, कारण त्यांच्यासारखेच दुःख इसवी सन ३९२ मध्ये दोन बहिणींनी सोसले होते. रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेन्टिनियन त्या वर्षी मे महिन्यात, आज फ्रान्समध्ये असलेल्या व्हिएन या गावी, मृतावस्थेत सापडला. मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या हातून आपल्याला बाप्तिस्मा मिळावा म्हणून त्याने त्यांना निरोप धाडला होता आणि अँब्रोज वाटेत असतानाच त्याच्या मृत्यूची बातमी आली. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी अँब्रोज यांनी केलेले भाषण आजही उपलब्ध आहे. बाप्तिस्मा न घेताच भाऊ गेला म्हणून त्याच्या बहिणी शोक करत होत्या. अँब्रोज त्यांचे दुःख टाळून पुढे जात नाहीत, त्या दुःखाचा स्पष्ट उल्लेख करतात आणि विचारतात की, इच्छा करणे आणि मागणे याहून अधिक आपल्या हाती असते तरी काय? त्याने ही कृपा मागितली होती, आणि मागितली होती म्हणूनच ती त्याला मिळाली, असे ते सांगतात. हुतात्मे स्वतःच्या रक्ताने शुद्ध होतात, हे चर्च मान्य करत असेल, तर याला त्याच्या भक्तीने व इच्छेने शुद्ध केले, हेही मान्य करावे लागेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे बोलणारा माणूस बाप्तिस्म्याला हलके मानणारा नव्हता. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना शिकवण देण्यात ज्यांनी आयुष्य घालवले आणि ज्यांच्या हातून ३८७ च्या ईस्टरला पुढे थोर धर्मचिंतक ठरलेल्या ऑगस्टीन यांना बाप्तिस्मा मिळाला, ते हे अँब्रोज. संस्काराचे मोल पुरते ओळखणाऱ्या माणसाने हे म्हटले आहे, म्हणून मला ते सौम्य मनाच्या हजार सांत्वनांपेक्षा वजनदार वाटते.

पुढे कॅथलिक शिकवणीत हाच विचार ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ या नावाने स्थिरावला. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असे ठणकावून सांगितले, पण त्याच वर्षी त्या परिषदेने संस्काराबरोबर त्याच्या इच्छेचाही उल्लेख केला. १९९२ चा कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक चर्चचा अधिकृत शिकवणग्रंथ, तर स्वच्छ शब्दांत सांगतो की, देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी जोडले आहे, परंतु देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. आणि बाप्तिस्म्याची तयारी करत असताना मरण पावलेल्या दीक्षार्थीला त्याची व्यक्त इच्छा, पापांचा पश्चात्ताप व प्रीती यांच्या योगे तारणाची खात्री लाभते. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेत तर अंत्यविधीच्या बाबतीत दीक्षार्थींना विश्वासू जनांमध्येच गणावे, असा वेगळा नियम आहे. तुमची मंडळी कॅथलिक नसल्यामुळे तो नियम तिला बांधील नाही, तरी जो नकार तुम्हाला मिळाला तो ख्रिस्ती धर्माचा एकमेव निवाडा होता, असा समज तुम्ही करून घेऊ नये, म्हणून हे सांगितले. दफनभूमीतील जागा नोंदवहीतील सभासदत्व पाहून दिल्या जातात. शहरात जागेची टंचाई असल्यामुळे समित्या कठोर होतात आणि शोकात असलेल्या माणसाशी दोन शब्द अधिक बोलण्याचे भान त्यांना राहत नाही. अग्निसंस्कार झाला म्हणूनही वडिलांच्या तारणात काही उणे पडत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ पासून त्याला परवानगी दिलेली आहे आणि पुनरुत्थान करणाऱ्या देवाला माती व राख यांत फरक पडत नाही.

प्रोटेस्टंट बाजूला भाषा बदलते, निष्कर्ष फारसा बदलत नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात ल्यूथरच्या अनुयायांनी बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असल्याचे लिहिले, पण दोष लागतो तो संस्कार तुच्छ लेखण्याबद्दल, तो न मिळाल्याबद्दल नव्हे, हे ल्यूथरन शिकवणीतील प्रसिद्ध सूत्र आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेची सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली म्हणते की, बाप्तिस्म्याकडे दुर्लक्ष करणे हे मोठे पाप आहे, तथापि कृपा त्याच्याशी अशी जखडलेली नाही की त्यावाचून कोणाचाही नवा जन्म किंवा तारण होऊच नये. बॅप्टिस्ट मंडळ्या बाप्तिस्म्याला तारणाचे साधन मानतच नाहीत; आधीच तारण पावलेल्याने आज्ञा पाळून दिलेली ती साक्ष आहे, असे त्या शिकवतात. १८८२ मध्ये मुंबईत कार्य सुरू केलेली साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. आपल्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, तेव्हा बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि फक्त विश्वास ठेवणाऱ्या प्रौढांना तो देणारे बॅप्टिस्ट एका छपराखाली आले व दोन्ही पद्धती मान्य झाल्या.

वेगळे शिकवणाऱ्या मंडळ्यांवर मात्र अन्याय करू नये. प्रेषितांच्या काळात विश्वास, पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा ही एकच सलग घटना होती, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेला विश्वासी अशी वर्गवारी नव्या कराराला ठाऊकच नाही, असे त्या म्हणतात, आणि नियम म्हणून हे बरेचसे बरोबर आहे. फिलिप्पै शहरातील बंदिशाळेच्या नायकाला ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझे तारण होईल’ असे प्रेषित पौलाने सांगितले आणि त्याच रात्री त्याचा व त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मंडळ्यांची चूक होते ती अपवादाच्या वेळी, जेव्हा आज्ञाभंग आणि असमर्थता या दोहोंना त्या एकाच मापाने मोजतात. ठाण्याला हा कडवेपणा तसा नवा नाही. १३२१ मध्ये ठाण्याच्या परिसरात वावरलेले जॉर्डानस नावाचे धर्मगुरू ठाणे ते सोपारा या पट्ट्यात आपण ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे पत्रात लिहितात. आणि आपल्या प्रवासवर्णनात, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पण बाप्तिस्मा नसलेले लोक या देशात विखुरलेले आहेत, ते ख्रिस्ती नव्हेतच, असा शेराही मारतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यापर्यंत कोणी धर्मगुरू पोहोचला नव्हता, त्यांना इतक्या झटपट निकालात काढणे मला घाईचे वाटते.

येथे पाळकवर्गाला उद्देशून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ईस्टरला बाप्तिस्मा देण्याची आणि त्याआधी शिकवणीचे वर्ग घेण्याची रीत अँब्रोज यांच्या काळाइतकी जुनी व चांगली आहे. परंतु उमेदवार वयस्कर आणि आजारी असेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवावे. मरणाच्या दारी असलेल्याला तातडीने बाप्तिस्मा देता येतो, हे जुन्या चर्चना माहीत होते. कॅथलिक नियमानुसार अशा वेळी, योग्य हेतू असेल तर, स्वतः बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो देऊ शकते. ‘डिडाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखातही वाहते पाणी नसेल तर दुसरे घ्यावे आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, अशी सवलत आहे. आयसीयूच्या दारात हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, यात तुमचा किंवा आत्याबाईंचा दोष नाही. अन्य वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे नोंदवतो. आत्याबाईंनी आपल्या पाळकांना भेटून वडिलांच्या विश्वासाबद्दल उपकारस्तुती करणारी एक स्मरण-उपासना मागावी. ती मागण्यासाठी नोंदवहीत नाव असावे लागत नाही.

आता तुमच्या स्वतःविषयी. वर जे वडिलांसाठी लिहिले, त्याचा आडोसा तुम्ही घेऊ नये. इच्छा असूनही बाप्तिस्मा घेता न येणे आणि घेता येत असूनही तो सोयीनुसार पुढे ढकलणे यांत अंतर आहे, आणि ते आपल्या बाबतीत किती आहे हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडले तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा मागितला होता. बरे वाटल्यावर घरच्यांनी तो लांबणीवर टाकला आणि मोठेपणी त्याबद्दल त्यांनी तक्रारीच्या सुरात लिहिले. मात्र भीतीपोटी उद्याच जाऊन पाण्यात उतरणे, हेही मला मान्य नाही. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो काही वर्षांनी. पाणी आधी आणि अंतःकरण मागाहून, असे घडू शकते; त्याने त्यांचा बाप्तिस्मा रद्द झाला नाही व त्यांनी तो पुन्हा घेतलाही नाही. पेत्राचे पहिले पत्र (३:२१) बाप्तिस्मा तारतो असे म्हणते आणि लगेच सांगते की, तो देहाचा मळ धुणे नसून शुद्ध विवेकाने देवाकडे केलेली विनंती आहे. ती विनंती धाकाने करायची नसते.

पतीचा विरोध ही तुमची खरी अडचण आहे, आणि नारायण वामन टिळकांच्या घरात ती उलट बाजूने अवतरली होती. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना काही वर्षे विभक्त राहावे लागले; पुढे त्या परतल्या आणि स्वतःला पटल्यावर, स्वतःच्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यासाठी एवढी किंमत मोजलेल्या टिळकांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तुमचा विश्वास पतीला ठाऊक असेल, तर बाप्तिस्मा त्यांच्या अपरोक्ष घेऊ नये. करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:१३) पौल विश्वासी पत्नीला सांगतो की, विश्वास न ठेवणारा पती तिच्याबरोबर नांदायला तयार असेल तर तिने त्याला सोडू नये. त्यामुळे बाप्तिस्म्याने संसार मोडतो, अशी भीती तुमच्या पतीला वाटत असेल, तर ती धर्माच्या बाजूने निराधार आहे. कायद्याच्या बाजूने मात्र दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार जोडीदाराने धर्मांतर करणे हे घटस्फोट मागण्याचे एक कारण ठरू शकते. आणि तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल, तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला त्या प्रवर्गाचा लाभ राहत नाही. धर्मश्रद्धेचा निर्णय यांवर ठरू नये, पण पतीशी बोलताना तुम्हाला हे माहीत असले पाहिजे.

तेव्हा आपण बाप्तिस्मा घेऊ इच्छितो, हे पाळकांना आताच सांगा आणि तयारीचे वर्ग सुरू करा. असा संकल्प बोलून दाखवलेली व्यक्ती उद्या अचानक गेली, तर तिच्याविषयी मी तुमच्या वडिलांविषयी लिहिले तेच लिहीन. तारीख मात्र पतीशी सविस्तर बोलणे झाल्यावर ठरवा, आणि ते बोलणे वर्षानुवर्षे टाळू नका. शक्य असेल तर त्यांना पाळकांच्या भेटीला बरोबर न्या, म्हणजे त्यांचे आक्षेप पाळकांना प्रत्यक्ष ऐकता येतील. ते शांतपणे ऐकून घेण्याची तयारी नसलेल्या आणि ‘उद्या मेलात तर काय’ असे विचारून घाई करणाऱ्या पाळकांकडून बाप्तिस्मा घेण्याऐवजी दुसऱ्या मंडळीत चौकशी करावी.